शासन पैसे देते, मग देणगी कशासाठी?
सार्वजनिक आरोग्य विमा योजना रुग्णालयांना मोबदला कसा देतात, याविषयी एक अभ्यासलेख

वार्षिक अहवालाच्या निमित्ताने आमच्या हितचिंतकांशी संवाद होतो, तेव्हा गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "आता शासनाच्या योजनेतून रुग्णांवर मोफत उपचार होतात. रुग्णालयाला त्याचे पैसेही मिळतात. मग धर्मादाय रुग्णालयाला देणगीची गरज ती काय उरली?" प्रश्न रास्त आहे. देणगीदाराला तो विचारण्याचा अधिकार आहे आणि विश्वस्तांवर त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आहे. रुग्णाच्या नातेवाइकांचा प्रश्न याच्या नेमका उलट असतो. "आमच्याकडून पैसे घेतले नाहीत, तर मग आमच्या माणसाकडे नीट लक्ष दिले जाईल ना?"

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी दडलेले आहे. रुग्णालयाला मोबदला कोण देतो, कोणत्या पद्धतीने देतो आणि केव्हा देतो, हे समजले की बाकीचे आपोआप उलगडते. म्हणून या वर्षीच्या अहवालात हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

१. मोबदल्याच्या पाच पद्धती

जगभरात आरोग्यसेवेचा मोबदला देण्याच्या पद्धती अनेक असल्या, तरी त्यांचे मूळ प्रकार मोजकेच आहेत.

पहिली पद्धत सेवानिहाय शुल्काची. जितक्या तपासण्या, जितकी इंजेक्शने, जितक्या वेळा डॉक्टरांची भेट, तितके बिल. आपण सर्वांनी खासगी दवाखान्यात पाहिलेली पद्धत हीच. यात रुग्णालयाला तोटा होत नाही, परंतु गरजेपेक्षा अधिक सेवा देण्याचा मोह मात्र निर्माण होतो. सारी आर्थिक जोखीम पैसे भरणाऱ्यावर राहते.

दुसरी पद्धत दिनदराची. रुग्ण जितके दिवस दाखल, तितक्या दिवसांचा ठरलेला दर. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या २०१८ मधील पहिल्या दरयादीत, शस्त्रक्रिया नसलेल्या आजारांसाठी सर्वसाधारण कक्षाला दररोज १,८०० रुपये आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाला दररोज ४,५०० रुपये असे दर होते. पुढे ते बदलले, पण पद्धत समजून घेण्यास हे उदाहरण पुरेसे आहे. दिनदरामुळे मुक्काम लांबवण्याकडे कल होऊ शकतो. म्हणून ठरावीक दिवसांनंतर पुन्हा मंजुरी घ्यावी लागते.

तिसरी पद्धत दरडोई मोबदल्याची. डॉक्टरांच्या यादीत जितकी माणसे नोंदली असतील, तितक्या डोक्यांमागे वर्षाला ठरलेली रक्कम. मग कोणी आजारी पडो वा न पडो. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा कुटुंबाच्या डॉक्टरांना प्रामुख्याने याच रीतीने पैसे मिळू लागले. ही पद्धत आपल्याला परकी नाही. १९४८ च्या कायद्यानुसार आलेली कर्मचारी राज्य विमा योजना १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि तिथे 'पॅनेल डॉक्टर' ही व्यवस्था रुजली. गिरणीकामगाराने आपल्या वस्तीतल्या खासगी डॉक्टरकडे नाव नोंदवायचे आणि त्या डॉक्टरला दरडोई मोबदला मिळायचा. वसईच्या वालीव, गोखिवरे, सातिवली भागांतील कारखान्यांत काम करणाऱ्या अनेक कुटुंबांना या विमा योजनेचे कार्ड परिचयाचे आहे. दरडोई पद्धतीत रुग्ण निरोगी राहण्यात डॉक्टरचे हित असते, हा तिचा गुण. आजारी माणसाला वेळ कमी दिला तरी उत्पन्न तेवढेच राहते, हा तिचा दोष.

चौथी पद्धत प्रकरणनिहाय ठोक दराची, म्हणजेच आपण ज्याला 'पॅकेज' म्हणतो ती. एका आजाराला किंवा शस्त्रक्रियेला एक ठरलेली रक्कम. त्यात खाट, औषधे, तपासण्या, शस्त्रक्रिया, भूल, जेवण असे सर्व आले. अमेरिकेतील वृद्धांच्या मेडिकेअर योजनेने १ ऑक्टोबर १९८३ पासून रुग्णालयांना निदानगटानुसार आधीच ठरलेली रक्कम देण्यास सुरुवात केली. त्यानंतर अनेक देशांनी हा मार्ग आपापल्या परीने स्वीकारला. आपल्या राज्यातील योजनेचा मुख्य आधारही पॅकेज हाच आहे.

पाचवी पद्धत ठोक अंदाजपत्रकाची. शासकीय आणि महापालिकेची रुग्णालये वेतन, औषधे आणि देखभाल यांसाठी वर्षाला मंजूर झालेल्या तरतुदीवर चालतात. खर्चाला मर्यादा राहते, पण रुग्ण वाढले म्हणून पैसे वाढत नाहीत.

यांतील कोणतीही पद्धत निर्दोष नाही. म्हणून अनेक देश त्यांची सांगड घालतात. थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी आरोग्यसंरक्षण सुरू केले, तेव्हा बाह्यरुग्ण सेवेसाठी दरडोई आणि दाखल रुग्णांसाठी निदानगटानुसार, पण एकूण अंदाजपत्रकाच्या मर्यादेत, अशी रचना केली.

२. महाराष्ट्राची वाटचाल

आपल्या राज्यात १९९७ साली जीवनदायी आरोग्य योजना आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांसारख्या गंभीर आजारांसाठी मदत, असे तिचे मर्यादित स्वरूप होते. १ एप्रिल २००८ पासून केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली. तिच्यात पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण होते आणि कुटुंबाने भरायचे नोंदणीशुल्क अवघे ३० रुपये होते.

खरा बदल झाला तो २ जुलै २०१२ रोजी. आंध्र प्रदेशच्या आरोग्यश्री योजनेच्या धर्तीवर राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली. ठाणे जिल्ह्याचा भाग असलेला वसई तालुका या दुसऱ्या टप्प्यात आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा योजना येथे नुकतीच रुजत होती. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख, अशी तिची मर्यादा होती. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्रितपणे राबवल्या जाऊ लागल्या. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले.

या वाटचालीत पैसे देणारा कोण, हेही बदलत गेले. २०१२ मध्ये राज्य शासन विमा कंपनीला प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये आणि त्यावरील कर इतका हप्ता भरत असे. दाव्यांचे पैसे कंपनी देई. २०२० च्या रचनेत दीड लाखापर्यंतची जोखीम विमा कंपनीकडे आणि त्यापुढील पाच लाखांपर्यंतची जोखीम शासनाच्या आरोग्य हमी सोसायटीकडे, अशी विभागणी झाली. विमा पद्धतीत कंपनीला हप्ता आधीच मिळालेला असतो, त्यामुळे दावा काटेकोरपणे तपासण्यात तिचे हित असते. हमी पद्धतीत शासन स्वतःच दाव्याचे पैसे देते, म्हणून तेथे निधी वेळेवर उपलब्ध होणे महत्त्वाचे ठरते. रुग्णालयाच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. उपचार आधी करायचे आणि पैसे नंतर मिळायचे.

३. एका दाव्याचा प्रवास

रुग्ण रुग्णालयात येतो, तेव्हा आरोग्यमित्र त्याचे रेशनकार्ड आणि ओळखपत्र पाहून संगणकावर नोंद करतो. डॉक्टर तपासणी करून आजार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो ते ठरवतात. अहवाल आणि छायाचित्रे जोडून पूर्वमंजुरीसाठी अर्ज पाठवला जातो. तातडीच्या रुग्णाबाबत दूरध्वनीवरून सूचना देऊन उपचार सुरू करता येतात. मंजुरीनंतर शस्त्रक्रिया होते. रुग्णाला घरी पाठवताना पुढील औषधे दिली जातात. त्यानंतर शस्त्रक्रियेची टिपणे, तपासण्यांचे अहवाल आणि रुग्णाचे समाधानपत्र असा सारा संच जोडून दावा दाखल होतो.

दाव्याची छाननी होते. एखादा कागद अपुरा असेल, तर शंका उपस्थित होते. तिचे उत्तर द्यावे लागते. मग दावा मंजूर होतो, अंशतः मंजूर होतो किंवा नाकारला जातो. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या मार्गदर्शक नियमांनुसार राज्यातील दावा १५ दिवसांत आणि अन्य राज्यातील रुग्णाचा दावा ३० दिवसांत निकाली निघणे अपेक्षित आहे. पण शंका निघाली, की मधला काळ वाढतो.

हा मधला काळच रुग्णालयाची खरी कसोटी पाहतो. परिचारिकेचे वेतन महिनाअखेरीस द्यायचे असते. प्राणवायू, रक्तपिशवी आणि औषधे पुरवणारे थांबत नाहीत. विजेचे बिल मुदतीत भरावेच लागते. म्हणजे योजनेचा रुग्ण कितीही 'मोफत' असला, तरी पहिले काही आठवडे त्याचा खर्च रुग्णालयाने स्वतःच्या खिशातून उचललेला असतो.

४. सरासरीचे गणित

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पॅकेजचा दर हा सरासरीवर आधारलेला असतो. काही रुग्णांवर दरापेक्षा कमी खर्च होईल, काहींवर जास्त, आणि अखेरीस जुळून येईल, हे त्यामागील गृहीतक आहे.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या शस्त्रक्रियेचे पॅकेज ३०,००० रुपये आहे आणि महिन्यात दहा रुग्ण आले. आठ रुग्ण वेळेवर आले, गुंतागुंत झाली नाही, प्रत्येकी खर्च २६,००० रुपये. उरलेले दोघे उशिरा आले. रक्त कमी, जंतुसंसर्ग झालेला, मुक्काम लांबला. प्रत्येकी खर्च ५०,००० रुपये. एकूण खर्च ३,०८,००० रुपये आणि एकूण मोबदला ३,००,००० रुपये. तूट ८,००० रुपयांची.

याच उदाहरणात रुग्णालयाने ते दोन अवघड रुग्ण "आमच्याकडे सोय नाही" म्हणून दुसरीकडे पाठवले, तर काय होईल? आठ रुग्णांमागे प्रत्येकी ४,००० प्रमाणे ३२,००० रुपये शिल्लक राहतील. हिशेबाच्या वहीत ते रुग्णालय कार्यक्षम दिसेल. ज्याने दाराशी आलेल्या दहाही जणांना आत घेतले, ते तोट्यात दिसेल.

पॅकेज पद्धतीतील सर्वांत मोठा नैतिक प्रश्न हाच आहे. ती काटकसर शिकवते, अनावश्यक तपासण्यांना आळा घालते, रुग्णाला खर्चाची चिंता राहू देत नाही. परंतु सोपे रुग्ण निवडण्याचा आणि अवघड रुग्ण टाळण्याचा मोहही तीच निर्माण करते. याच्या उलट, सोपी शस्त्रक्रिया गरज नसताना करण्याचा धोकाही असतो. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या काळात, २०१२ साली, छत्तीसगडमध्ये महिलांच्या गर्भाशयाच्या अनावश्यक शस्त्रक्रियांच्या तक्रारी गाजल्या होत्या. म्हणूनच पूर्वमंजुरी, छाननी आणि काही प्रक्रिया शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवणे, असे उपाय योजनांमध्ये आले. छाननीचा जाच होतो, हे खरे. पण ती का आली, हेही विसरता कामा नये.

आपल्या परिसरात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. वसई-विरार महापालिकेच्या क्षेत्रात २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांहून अधिक लोक होते. पूर्वेला आणि उत्तरेला जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे आदिवासी तालुके आहेत. तेथून एस.टी.ने किंवा रेल्वेने येणारा रुग्ण बहुधा आजार बळावल्यावरच येतो. रक्तक्षय आणि सिकलसेल यांसारखे आजार त्या भागात आढळतात. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी तयार करायलाच काही दिवस लागतात. पॅकेजचा दर मात्र वेळेवर आलेल्या रुग्णाला आणि त्याला बहुतांशी सारखाच लागू होतो.

धोरणकर्त्यांना या त्रुटीची जाणीव आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने पॅकेजांची नवी यादी काढली, तेव्हा शहराच्या वर्गानुसार आणि सेवेच्या पातळीनुसार वेगळे दर ठेवण्याची तत्त्वे तिच्यात आली. आजाराच्या तीव्रतेनुसार मोबदला ठरवणारी निदानगट पद्धत काही राज्यांत प्रायोगिक तत्त्वावर राबवण्याचे ठरले आणि त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. ही दिशा योग्य आहे. रुग्ण जितका गंभीर, तितका मोबदला अधिक, हे तत्त्व रुजले तर अवघड रुग्णाला दार बंद करण्याचे कारण उरणार नाही. तोवर ती तफावत कोणीतरी सोसावीच लागेल.

५. तीन वेगवेगळे निधी

धर्मादाय रुग्णालयात गरीब रुग्णाचा खर्च तीन ठिकाणांहून भागतो आणि त्यांची गल्लत होऊ नये.

पहिले, शासकीय योजना. ती पॅकेजमध्ये बसणाऱ्या, मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचे पैसे देते.

दुसरा, निर्धन रुग्ण निधी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम या निधीत जमा करायची आहे. हे उपकार नव्हेत, कायदेशीर कर्तव्य आहे.

तिसरी, देणगी. वरील दोहोंत जे बसत नाही, ते देणगीतून भागते. पॅकेजमध्ये नसलेला आजार, बाह्यरुग्ण विभागातील दीर्घकाळची औषधे, मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णाला दरमहा लागणाऱ्या गोळ्या, सोबत आलेल्या नातेवाइकाचे जेवण, जव्हारला परत जाण्याचे भाडे, यांपैकी बराचसा खर्च योजनेच्या बाहेर राहतो. वरील उदाहरणातील दोन अवघड रुग्णांची तूट आणि दाव्याचे पैसे येईपर्यंतचा खर्चही देणगीच्याच आधाराने सोसता येतो.

या तिन्हींचे हिशेब स्वतंत्र असले पाहिजेत. एकाच खर्चासाठी दोन ठिकाणी पैसे मागणे, हा सार्वजनिक विश्वासाचा भंग ठरेल.

६. कोणी काय पाहावे

रुग्णांच्या नातेवाइकांनी दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटावे, रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत आणावे आणि आपला आजार कोणत्या पॅकेजमध्ये मंजूर झाला, हे विचारून घ्यावे. मंजूर पॅकेजमध्ये समाविष्ट असलेल्या बाबींसाठी रुग्णालयाने वेगळे पैसे मागणे योग्य नाही. बाहेरून औषध आणण्यास सांगितले गेल्यास कारण विचारावे आणि पावती जपून ठेवावी. घरी जाताना समाधानपत्रावर वाचूनच सही करावी. राज्य योजनेच्या १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या निःशुल्क क्रमांकावर चौकशी व तक्रार करता येते.

विश्वस्तांनी केवळ योजनेतील रुग्णांची संख्या पाहून समाधान मानू नये. प्रमुख पॅकेजांचा प्रत्यक्ष खर्च आणि मिळणारा दर यांतील फरक, शंका निघालेल्या आणि नाकारलेल्या दाव्यांचे प्रमाण, पैसे येण्यास लागणारे सरासरी दिवस, आणि अन्यत्र पाठवलेल्या रुग्णांची कारणे, अशी चार टिपणे प्रत्येक सभेपुढे यावीत. यांतील शेवटचे टिपण सर्वांत महत्त्वाचे आहे. तोटा टाळण्यासाठी माणसे टाळली जात नाहीत ना, हे त्यातूनच कळते. दावा नाकारला जाण्यामागे अनेकदा उपचारातील नव्हे, तर नोंदीतील उणीव असते. म्हणून चांगली केसपेपर-नोंद ही देखील रुग्णसेवाच होय.

देणगीदारांनी आमच्याकडे हिशेब मागावा, ही आमची विनंती आहे. योजनेतून किती मिळाले, निर्धन रुग्ण निधीतून किती खर्च झाला आणि आपल्या देणगीने नेमकी कोणती पोकळी भरली, हे वेगवेगळे दाखवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

समारोप

शासनाच्या योजनांनी गोरगरिबांसाठी फार मोठे दार उघडले आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जमीन वा दागिने गहाण टाकण्याची वेळ अनेक कुटुंबांवरून टळली, हे या योजनांचे श्रेय आहे. परंतु योजना सरासरी रुग्णाचा मोबदला देते, आणि रुग्णालयाच्या दाराशी येणारा प्रत्येक जण सरासरी नसतो. जो उशिरा आला, दुरून आला, ज्याच्या आजाराला यादीत नाव नाही, त्याच्यासाठी दार उघडे ठेवायचे की नाही, हे कोणत्याही दरयादीत लिहिलेले नसते. ते धर्मादाय संस्थेने ठरवायचे असते आणि समाजाने त्या निर्णयाला बळ द्यायचे असते.

"शासन पैसे देते, मग देणगी कशासाठी?" या प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच आहे. शासन पॅकेजचे पैसे देते. त्या पॅकेजमध्ये न मावणाऱ्या माणसासाठी आपली देणगी आहे.